चोवीसच्या पुढचे दोन आकडे

सांगलीत डॉक्टर लालासाहेब जगदाळ्यांचा अठरा खाटांचा दवाखाना होता. तिथल्या औषधांच्या खोलीतलं लोखंडी कपाट पूर्वी साध्या कुलपाचं होतं, आणि त्या कुलपाची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला लटकलेली असायची. कुणीही यावं, किल्ली घ्यावी, कपाट उघडावं. आयाबाई कापूस घ्यायची, वॉर्डबॉय कोंडीबा डोकं दुखलं की गोळी घ्यायचा. त्याची कुणाला ना खंत ना खेद.

डॉक्टर फौजेतून कॅप्टन होऊन परत आलेले. मूळचे रहिमतपूरचे, पण अंगात रहिमतपूर कमी आणि छावणी जास्त. त्र्याहत्तर सालच्या एक जानेवारीला त्यांनी तो खिळा स्वतःच्या हातानं उपटला आणि कपाटाला चार चकत्यांचं आकडी कुलूप घातलं. प्रत्येक चकतीवर शून्यापासून नऊपर्यंत आकडे. चारी आकडे रेषेवर आले की कुलूप उघडणार, नाहीतर नाही.

"शालनताई, इकडं या," त्यांनी मुख्य नर्सला हाक मारली. "आकडा दोघांनाच माहीत. एक तुम्ही, एक मी. तिसरा माणूस नाही. कागदावर लिहायचा नाही, कॅलेंडरवर लिहायचा नाही, पदराच्या गाठीत चिठ्ठी ठेवायची नाही. आणि दर महिन्याच्या एक तारखेला बदलायचा. फौजेत परवलीचा शब्द रोज बदलतो. समजलं?"

"व्हय जी," शालन म्हणाली. मग हळूच, "आणि माझ्या लक्षात नाही राहिला तर?"

"राहील. ड्यूटी आहे."

कोंडीबा दारात उभा होता. तो म्हणाला, "आवं डाक्टरसाहेब, मला माझ्या म्हशीचं वय ध्यानात ऱ्हात न्हाई. बरं झालं आकडा मला न्हाई दिला."

सगळे हसले. शालनही हसली, पण मनात हिशेब सुरू झाला होता. दर महिन्याला एक नवा आकडा, तोही कुठं न लिहिता! दिवसाला तीस रुग्ण, त्यांची औषधं, त्यांच्या वेळा, सगळं तिच्या डोक्यात. त्यात ही भर.

शालन पाटील ही विधवा बाई. वय छत्तीस. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला, मूलबाळ नाही. मग तिनं मिरजेला नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि दहा वर्षं या दवाखान्यात काढली. दवाखान्याच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत ती, आई चंपाबाई आणि धाकटा भाऊ नेमिनाथ असे तिघं राहत. पाणी गाळून प्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं, अष्टमी-चतुर्दशीला उपवास. मुनिमहाराजांच्या पुढं बसून पाच अणुव्रतं घेतलेली, त्यात खोटं बोलायचं नाही हे एक. त्या साली तिनं आणखी एक नेम धरला होता. दर महिन्याला एका तीर्थंकरांचा जप. पहिल्या महिन्यात आदिनाथ, दुसऱ्यात अजितनाथ, असं करत चोवीस महिन्यांत चोवीस भगवंत.

तेव्हा आकड्याचं कोडं तिला देवानंच सोडवून दिल्यासारखं वाटलं. पहिल्या दोन चकत्यांवर चोवीस. ते कधी बदलायचं नाही. पुढच्या दोन चकत्यांवर चालू महिन्याच्या भगवंतांचा क्रमांक. जानेवारीत चोवीस शून्य एक, फेब्रुवारीत चोवीस शून्य दोन. लिहायला नको, आठवायला नको. पहाटे माळ हातात घेतली की आकडा आपोआप जिभेवर. एक तारखेला ती डॉक्टरांच्या कानात नवा आकडा सांगायची. डॉक्टर मान हलवायचे आणि कधी विचारायचे नाहीत की हाच का.

असे पंधरा महिने सुरळीत गेले.

सोळाव्या महिन्यात, चौऱ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये, कुंडलची मनुबाई दवाखान्यात आली. शेवटच्या गुऱ्हाळावर कढईतला उकळता रस तिच्या पायावर सांडला होता. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कातडी सोललेली. दिवसाआड पट्टी बदलायची, आणि पट्टी बदलायच्या अर्धा तास आधी पेथिडीनची, दुखणं मारणारी पण चटक लावणारी, सुई द्यायची. ते इंजेक्शन म्हणजे कपाटातला सगळ्यात जोखमीचा माल. त्याची वेगळी वही, वेगळा कप्पा. त्याच्यासाठी तर ते कुलूप आलं होतं.

गुरुवार होता. डॉक्टर दर गुरुवारी पहाटे जीप घेऊन साताऱ्याला जात. तिथं त्यांचा आठवड्यातून दोन दिवस दवाखाना असे. तिथी अष्टमीची. शालननं पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. तिनं कपाट उघडलं, नवी बाटली काढली, रबरी बुचातून औषध सुईत ओढलं आणि मनुबाईच्या दंडावर टोचलं.

अर्ध्या तासानं तिनं पट्टीला हात लावला आणि मनुबाई अशी किंचाळली की शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली.

"बाई! बाई, हात लावू नगासा! सुई लागलीच न्हाई वो मला!"

"लागंल. थोडं थांबू."

आणखी पंधरा मिनिटं थांबली. मनुबाईची नजर जडावली नाही, शब्द जड झाले नाहीत. एरवी इतक्या वेळात ती डोळे मिटून माहेरच्या गोष्टी सांगायला लागायची. आज ती खाटेचा गज घट्ट धरून पडली होती आणि तिची नजर शालनच्या हातावर होती, वैऱ्याच्या हातावर असावी तशी.

"परवा कशी झोप लागली हुती," ती म्हणाली. "आज काय दिलंसा मला?"

शालन औषधांच्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. बाटली उजेडात धरली. बुचावरचं टिनचं टोपण नीट दाबून बसवलेलं, पण खाली रबरावर एक नव्हे, चार-पाच बारीक भोकं होती. तिनं तर एकदाच सुई घातली होती.

तिनं सुईतला एक थेंब बोटावर घेतला. आज निर्जळी होती. क्षणभर ती थांबली. मग तिनं तो थेंब जिभेवर ठेवला.

पेथिडीन कडू असतं. जिभेवरचा थेंब कडू नव्हता. ते पाणी होतं.

तिनं दुसरी बाटली काढली, तिसरी काढली. सगळ्यांच्या रबरावर भोकं. उपवास मोडल्याचं तिला आठवलंसुद्धा नाही. खोली आठ बाय सहाची, एकच खिडकी, तीही उंचावर. शालन कपाटाला पाठ लावून उभी राहिली आणि तिला वाटलं, भिंती हळूहळू जवळ येतायत.

आकडा दोघांना माहीत. एक डॉक्टर, आणि डॉक्टर स्वतःच्या रुग्णाच्या बाटलीत पाणी भरणार नाहीत. मग उरलं कोण? जो कुणी हा हिशेब मांडेल त्याला एकच उत्तर येणार होतं. शालन.

"पण मी कुणाला सांगितला न्हाई," ती मोठ्यांदा म्हणाली. खोलीत कुणी नव्हतं. "कुणालाबी न्हाई."

दार उघडलं आणि नेमिनाथ आत आला.

नेमिनाथ सत्तावीस वर्षांचा. दवाखान्यात कंपाउंडर, बहिणीच्याच शब्दावर लागलेला. दोन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीखाली त्याचा पाय सापडला, तीन महिने मिरजेच्या इस्पितळात खाटेवर होता आणि अजून उजव्या पायानं लंगडत होता. चैत्राच्या उन्हात सगळे घामानं डबडबलेले असताना त्यानं पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता, मनगटापर्यंत बटणं लावून. शालननं महिनाभर तो सदरा बघितला होता. बघितला होता, आणि बघितला नव्हता.

"आक्का, मनुबाई वरडतीया. काय झालं?"

तिनं बाटली त्याच्यासमोर धरली. त्यानं बाटलीकडं बघितलं नाही. खिडकीकडं बघितलं.

"बाही वर कर, नेमू."

"कशाला?"

"कर म्हणते न्हवं."

त्यानं केली नाही. करायची गरजही उरली नव्हती. तो दाराला टेकला आणि दार त्याच्या पाठीनं आपोआप बंद झालं.

"आकडा कुठनं मिळाला तुला?" तिनं विचारलं. आवाज तिचा नेहमीचाच, हळू. "मी झोपेत बोलले? का डॉक्टरांचं ऐकलंस?"

नेमिनाथला हसू फुटलं, पण ते हसू बरं नव्हतं. "तूच सांगतीस की रोज. पहाटंचं. अवघ्या घराला जागं करून. 'श्री शांतिनाथाय नमः', एकशेआठ येळा. गेल्या महिन्यात धर्मनाथ. त्याच्या आदी अनंतनाथ. मी काय बहिरा हाय? शांतिनाथ सोळावे हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाबी ठाऊक हाय, आक्का."

"आणि चोवीस?"

"म्हटलं, आमची आक्का दुसरं काय लावणार? एकशेआठ लावून बघितलं, एक हजार आठ लावून बघितलं. मग चोवीस लावलं. तुझ्या त्या कुलपाला काय तोंड हाय व्हय, कितीबी येळा चुकलं तर वरडायला? दुपारी समदी झोपली की बसायचं फिरवत. तिसऱ्या दिवशी उघडलं."

शालनला खाली बसावंसं वाटलं, पण खोलीत बसायला जागा नव्हती. पंधरा महिने तिला वाटत होतं, आपण ते तोंडातून बाहेर काढलेलं नाही. आणि पंधरा महिने ती रोज पहाटे, हात जोडून, मोठ्यानं सांगत होती.

"आता काय करणार?" नेमिनाथनं विचारलं.

"डॉक्टरांचा फोन येईल एक वाजता."

"मग सांग की बाटल्याच खराब आल्या म्हणून. कंपनीची चूक. तुलाबी तरास न्हाई, मलाबी न्हाई."

"खोटं बोलू?"

"खरं बोललीस तर मी तुरुंगात. गप्प बसलीस तर तू. वहीवर सही तुझी, आकडा तुझा. बघ तूच." मग त्याचा आवाज एकदम फुटला. "आक्का, मला हौस हाय का? मिरजंला खाटंवर असताना पहिली सुई कुणी टोचली मला? तूच टोचलीस न्हवं? तूच म्हणालीस, आता दुखणार न्हाई नेमू. खरंच दुखलं न्हाई. त्याच्या मागनं समदंच दुखाय लागलं."

हे खरं होतं. रजा काढून ती त्याच्या उशाशी होती; तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, हात तिचा होता.

पलीकडून मनुबाईचं कण्हणं ऐकू येत होतं. अर्धवट सोडलेली पट्टी जखमेला चिकटली होती. आता ती ओढायची तर कातडीसकट निघणार, ठेवायची तर आत पू धरणार. खरं औषध मिळालं पाहिजे, तेही आजच. मिरजेच्या मोठ्या इस्पितळात होतं, पण ते डॉक्टरांच्या शब्दाशिवाय कुणाला देत नसत. आणि डॉक्टरांना शब्द टाकायला सांगायचं तर तीन बाटल्यांचं काय झालं ते सांगायला हवं. खोटं सांगूनही औषध येईल. फक्त ते पुन्हा याच कपाटात, याच घरात येईल. आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी दंडात पाणी जाईल.

साडेबाराला चंपाबाई आली. नेमिनाथनंच तिला गाठून सगळं सांगितलं असावं, कारण ती डोळे पुसतच आली. डॉक्टरांच्या खोलीत, टेलिफोनपाशी, शालन बसली होती. म्हातारीनं दारातच बसकण मारली.

"शालन, पाठचा भाऊ तुझा. माझ्या मागनं तुला हायच कोण दुसरं?"

"अव्वा, बाहेर रुग्ण आहेत. हळू बोल."

"हळूच बोलते. सगळं आयुष्य हळूच बोलले. एवढं एक खोटं बोल, बाळ. त्याचं प्रायश्चित्त माझ्या माथी. मी पंधरा दिवस उपास धरीन. एक जीव वाचवायला बोललेलं खोटं देव मोजत न्हाई."

"आणि ती मनुबाई? तिचा जीव न्हाई?"

"ती काय मरणार हाय का? थोडी वरडंल. आमी काय बाळंतपणं सुई घेऊन काढली?"

शालननं आईकडं बघितलं. या बाईनं मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जन्मभर खाली बघून पावलं टाकली होती. आणि आज हीच बाई म्हणत होती, थोडी ओरडेल. शालनला आईचा राग आला नाही. तिला भीती वाटली. कारण आईचं बोलणं तिच्या स्वतःच्याच मनात एक क्षण आधी येऊन गेलं होतं.

तिला उठून जावंसं वाटत होतं. पण जाणार कुठं? दारात आई. बाहेर व्हरांड्यात नेमिनाथ, खांबाला टेकून, कपाळावरचा घाम बाहीनं पुसत. पलीकडं मनुबाई. मागं त्याच दोन खोल्या. दहा वर्षांत या आवाराबाहेर तिचं एकही घर उरलं नव्हतं.

एक वाजून सात मिनिटांनी फोन वाजला.

"सांगली? साताऱ्याहून ट्रंक कॉल आहे. बोला," ऑपरेटर बाईचा आवाज आला. मग खरखर, आणि त्या खरखरीतून डॉक्टर: "हं, शालनताई, सगळं ठीक?"

नेमिनाथ दारात येऊन उभा राहिला होता. तिघांचेही डोळे त्या काळ्या रिसीव्हरवर.

"ठीक नाही, डॉक्टर," शालन म्हणाली. "पेथिडीनच्या तिन्ही बाटल्यांत पाणी आहे. मनुबाईची पट्टी अर्धी राहिली."

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पाणी? कुणी... कपाटाचं कुलूप फोडलंय का?"

"नाही. आकड्यानं उघडलंय."

"आकडा तर तुम्हाला आणि मलाच माहीत."

"व्हय जी."

"मग?" आवाज छावणीतला झाला. "शालनताई, कुणाला सांगितला होता तुम्ही?"

चंपाबाईनं तोंडात पदर कोंबला. ऑपरेटर बाई मध्येच म्हणाली, "तीन मिनिटं होत आलीत, वाढवायचं का?" आणि डॉक्टर तिच्यावर खेकसले, "वाढवा, वाढवा!" या आडून ऐकणाऱ्या बाईचंही शालनला त्या क्षणी ओझं झालं. आपलं घर साताऱ्यापर्यंत तारेवर वाळत घातल्यासारखं वाटलं.

"सांगितला कुणाला नाही," ती म्हणाली. "पण मी तो असा लावला होता, की माझ्या घरातल्या माणसाला तो विचारावा लागू नये. मी देवाच्या नेमातून आकडा घ्यायची. माझा नेम घरात सगळ्यांना ठाऊक. चूक माझी आहे. आणि औषध घेतलंय नेमिनाथनं. हातावर खुणा असतील."

सांगून झालं. तिला वाटलं होतं, हे बोलल्यावर छातीवरचं काहीतरी उतरेल. काही उतरलं नाही. चंपाबाई भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली. नेमिनाथ दारातून दिसेनासा झाला.

"ऐकताय?" डॉक्टर म्हणाले. आता आवाज खाली आला होता. "मिरजेला मी इथून फोन लावतो. कोंडीबाला एष्टीनं पाठवा, चिठ्ठीची गरज नाही, त्याला ओळखतात. आलेलं औषध कुलपात ठेवा आणि आकडा बदला. मला आत्ता सांगू नका, फोनवर बोलायचा नाही. आणि या वेळी देव नको, घर नको, तारीख नको. ज्याला काही अर्थच नाही असा घ्या."

"व्हय जी."

"दर महिन्याला बदला म्हणून हुकूम मीच सोडला. तो ध्यानात कसा राहायचा याचा विचार केला नाही. तुम्ही तरी काय करणार. आणि बाटल्या कुणी रोज तपासायच्या, हेही मी ठरवलं नव्हतं. नुसत्या कुलपावर विसंबलो." मग म्हणाले, "नेमिनाथला कुठं जाऊ देऊ नका. मी निघालो. पाचपर्यंत पोचतो. पोलिसांचं आल्यावर बघू."

नेमिनाथ फाटकापर्यंत गेला होता. रस्त्यावर ऊन भाजत होतं. शालन व्हरांड्यात आली तेव्हा तो परत येत होता, एक पाय ओढत, पोट दाबून धरून.

"गेलो असतो," तो म्हणाला. "एष्टीत बसून गेलो असतो. पर कराडपत्तुर सुदीक टिकणार न्हाई मी. सकाळधरनं घेतलं न्हाई. हातपाय कापाय लागल्यात. कुठं जाऊ, आक्का?"

"मागं खोलीत जा. पड. मी आले."

कोंडीबा सव्वा तासानं परतला. खोक्यात सहा काचेच्या कुप्या, तोंडं वितळवून बंद केलेल्या. फोडल्याशिवाय आत सुई जायची नाही अशा. शालननं एक फोडली, मनुबाईला टोचली आणि तिच्या उशाशी बसून राहिली. वीस मिनिटांत मनुबाईची मूठ गजावरून सुटली. पट्टी पाण्यानं भिजवून, बोटाबोटानं उलगडून काढली तेव्हा ती अर्धवट झोपेत एवढंच म्हणाली, "आता लागली बगा सुई."

उरलेल्या पाच कुप्या कपाटात ठेवून शालननं कुलूप हातात घेतलं. आकडा काय घ्यावा? नवरा गेला ते साल मनात आलं. तिनं ते टाकलं. नर्सिंगचा हजेरी क्रमांक आला, लग्नाची तारीख आली, मोक्षमार्गाच्या चौदा पायऱ्या आल्या. जे जे येई ते कुणाचं तरी असे. शेवटी तिनं डोळे मिटले आणि अंगठ्यानं चारी चकत्या भरभर फिरवल्या, फिरवतच राहिली. डोळे उघडले तेव्हा रेषेवर चार आकडे होते. त्यांचं तिच्याशी काही नातं नव्हतं. तिनं ते वाचले, डोळे मिटून म्हटले, पुन्हा वाचले. चार वेळा असं केलं. कुलूप त्या आकड्यावर बांधलं आणि चकत्या विस्कटून टाकल्या.

मागच्या खोलीत नेमिनाथ घोंगडीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. दात वाजत होते, आणि अंगावरचा सदरा घामानं चिंब. तिला बघताच उठून बसला.

"मिरजंचं आलं न्हवं? कोंडीबाच्या हातात खोकं बघितलं मी."

"आलं."

"एक दे. एकच. डाक्टर याच्या आदी. मग काय करायचं ते करू दे मला."

"न्हाई."

"आकडा बदललास?"

"व्हय."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग मान खाली घालून, अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाला, "मग बाहेरनं कडी घाल, आक्का. मी काय बी बोललो तरी काढू नगंस. मी लय वंगाळ बोलंन. शिव्या दीन. अव्वाची आण घालंन. ते मी न्हवं असं समज."

शालन दारापाशी गेली. बाहेर चंपाबाई उंबऱ्याशी बसली होती. तिनं मुलीकडं बघितलं नाही. शालननं दार लावलं आणि कडी आतून घातली.

"बाहेरनं म्हणालो मी."

"बाहेरनं घातली तर मी बाहेर," ती म्हणाली आणि दाराला पाठ लावून खाली बसली.

पुढचा दीड तास तो म्हणाला होता तसाच गेला. आधी तो विनवत होता. मग त्यानं तिला वांझ म्हटलं, नवऱ्याला खाणारी म्हटलं, तिचं व्रत, तिची माळ, सगळं काढलं. एकदा उठून अंगावर आला. पण पाय साथ देईना, तिथंच पडला आणि ओकला. तिनं त्याचं तोंड पुसलं, जमीन पुसली आणि परत दारापाशी बसली. खोलीत हवा नव्हती. घामाचा, ओकारीचा वास. तिच्या घशाला कोरड पडली होती. दार तिच्या पाठीशीच होतं, हात वर केला की कडी. बाहेर चंपाबाई हुंदके देत म्हणत होती, "उघड गं, मरंल तो. उघड." आतून तो म्हणत होता, उघड. शालन दोन्हीकडून ऐकत होती.

मग तो गप्प झाला. भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

पाच वाजायला आले तेव्हा फाटकात जीप थांबल्याचा आवाज आला. जड बूट व्हरांड्यातून मागं आले. दारावर थाप पडली.

"शालनताई, मी आलोय. दार उघडा."

ती उभी राहिली, पण हात कडीवर जाऊन तिथंच थांबला. तिनं मागं वळून बघितलं. नेमिनाथ भिंतीला धरून उठत होता.

"काढ आता, आक्का," तो म्हणाला. आवाज घोगरा, थकलेला.

दुपारभर तो हेच म्हणत होता. काढ, काढ, काढ. त्यातलं हे कोणतं? बाहेर पडून कपाटाकडं धावायचं, का डॉक्टरांपुढं उभं राहायचं? तिनं त्याच्या चेहऱ्याकडं निरखून बघितलं. डोळे लाल, ओठ फाटलेले. कोणता नेमू बोलतोय याची त्यावर कसलीच खूण नव्हती.

"कोण म्हणतंय?" तिनं विचारलं.

नेमिनाथनं उजव्या हाताच्या बाहीचं बटण काढलं. दोनदा ते बोटांतून निसटलं. मग त्यानं बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात तिच्यासमोर धरला. काळ्यानिळ्या टिकल्यांची रांग मनगटापासून वर गेली होती.

"मी. नेमू," तो म्हणाला. "हे डाक्टरला मीच दाखवतो. तू नगं सांगूस."

तिनं त्याचा तो हात आपल्या खांद्यावर घेतला, त्याचं वजन नीट पेललं, आणि दुसऱ्या हातानं कडी काढली.